खिडकीखालचा ढीग

ओलाउगच्या स्वयंपाकघरातला नळ पहिल्या बर्फाला उघडायचा आणि नदी मोकळी झाली की बंद व्हायचा. मधले सगळे महिने विणायच्या सुईएवढी धार रात्रंदिवस चालू. वाहतं पाणी गोठत नाही, एवढं शहाणपण त्या खोऱ्यात गाईंनाही होतं. धार कुणी सोडायची एवढाच प्रश्न होता, आणि तो कुणी विचारायच्या आधीच ओलाउगच्या गळ्यात पडला होता.

डोंगरातल्या झऱ्यावरून येणारा पाइप आधी तिच्या दिराला, एम्ब्रेतला, पाणी द्यायचा आणि मग तिच्या घरी येऊन संपायचा. शेवटच्या घरचा नळ वाहता राहिला की अख्खा पाइप जागा. म्हणजे एम्ब्रेतनं आपले नळ घट्ट पिळून डाराडूर झोपावं आणि वहिनीनं हिवाळाभर सिंकमधली टपटप ऐकत त्याचं पाणी राखावं. बरं, राखलं. नवरा ईवर गेल्यालाही बारा वर्षं झाली, तरी राखलं. पण त्या गृहस्थानं कधी "वहिनी, तुझ्यामुळे माझ्या घरी पाणी आहे" असं एक वाक्य तोंडातून काढलं असेल तर शपथ. न बोललेल्या शब्दांवर बँकेत व्याज मिळत असतं तर एम्ब्रेतनं एव्हाना सगळं खोरं विकत घेतलं असतं.

उलट उपकार फेडायची त्याची रीत न्यारीच होती. ट्रॅक्टरनं अंगणातला बर्फ ढकलायचा आणि सगळा आणून हिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ओतायचा. जानेवारी संपेपर्यंत ढीग काचेच्या अर्ध्यावर चढलेला. रस्त्यावरून कोण गेलं, कुणाच्या गाडीत कोण बसलं होतं, यातलं काही म्हणजे काही ओलाउगला कळायचं नाही. एप्रिलमध्ये सगळं एकदम कळायचं, आणि तेही शिळं.

"एवढी मोठी नदी आहे, एवढं कुरण आहे," ती दरवर्षी म्हणायची, "पण या माणसाच्या बर्फाला जागा फक्त माझ्या खिडकीत."

"तिथं बरा आहे तो," एम्ब्रेत म्हणायचा. झालं. वर्षभराचं बोलणं आटोपलं.

यंदा मात्र फेब्रुवारीत बाप्तिस्मा होता. नातीला मुलगा झाला होता आणि त्याचं नाव पणजोबाचं, ईवरचं, ठेवायचं ठरलं होतं. या घरातल्या प्रत्येक लेकराच्या बाप्तिस्म्याला याच नळाचं पाणी जगमध्ये भरून चर्चला जाई, तो जग घरातली थोरली बाई नेई, आणि नंतरची कॉफी याच घरात होई. जग नेणारी थोरली बाई सध्या कोण, हे सांगायला नकोच.

हे पाणी घरात आणलं ईवरनं. त्याआधी ओलाउग खांद्यावर कावड घेऊन बादल्या वाहायची. लग्नानंतरच्या उन्हाळ्यात दोघा भावांनी चर खणला. काम चालू असतानाच ओलाउग चर्चच्या दारात सांगून मोकळी झाली होती की माझा नवरा दोन मीटर खोल खणतोय, तिथवर थंडीचा बाप पोचणार नाही. तेव्हापासून खोऱ्यात कुणाचाही पाइप गोठला की ती मुद्दाम चौकशीला जायची. "आमच्या ईवरनं दोन मीटर खणलं हो," असं ती इतक्या कळवळ्यानं म्हणायची की त्यापेक्षा तहानेनं मेलेलं बरं, असं घरच्यांना वाटायचं.

तिची सून सिसेल आठवडाभर आधी आली ती मनात योजना घेऊनच.

"आई, बाप्तिस्म्याची कॉफी आमच्याकडे करू या ना. आमच्याकडे फरशीखालून ऊब येते. पाण्याचीही काळजी नाही."

"फरशी तापते गं तुझी. पाहुणेच तेवढे गार पडतात."

सिसेल हसली नाही. "यंदाची थंडी वेगळी आहे. तुमचं पाणी गेलं तर तीस माणसांचं काय करायचं?"

"माझं पाणी कधी गेलंय?"

"गेलं तर म्हणते मी. गेलं, तर आमच्याकडे. आणि मग ख्रिसमस, ईस्टरही आमच्याकडेच. तुमचंही वय झालं आता."

ओलाउगचा मुलगा हाल्वोर मधे उभा राहून बुटाची नाडी बांधत होता. बायको आणि आई समोरासमोर आल्या की त्याच्या बुटाची नाडी हमखास सुटायची.

"चालेल," ओलाउग म्हणाली. "माझं पाणी गेलं तर खुशाल ने. सोबत माझी खुर्चीही ने."

सिसेलनं जाताना खिडकीकडे पाहिलं. "अस्वलाच्या गुहेत बसल्यासारखं वाटतं इथं," एवढंच म्हणाली. तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी ओलाउग अंगणात एम्ब्रेतच्या ट्रॅक्टरसमोर जाऊन उभी राहिली. "हा ढीग काढायचा. पाहुणे यायच्या आत."

"राहू दे, वहिनी. पाहुणे गेले की काढतो."

"ख्रिसमस झाल्यावर झाड आणतोस का तू?"

"तिथं बरा आहे तो."

"तुला बरा. तू बाहेरून बघतोस."

एम्ब्रेतनं कान खाजवला, आभाळाकडे पाहिलं. "थंडी ओसरेपर्यंत तरी थांब." त्याच्या मानानं हे भाषणच झालं.

"तुझ्या भावाच्या नावाचं लेकरू या घरात येतंय. भावासाठी तरी एकदा ट्रॅक्टर उलटा चालव."

एम्ब्रेतनं ट्रॅक्टर चालू केला आणि ढीग काढला. असा काढला की खाली काळी जमीन दिसू लागली. हुकूम पाळूनही राग दाखवता येतो, हे त्याच्याकडून शिकावं.

खिडकीत उजेड आला. ओलाउगनं खुर्ची काचेशी ओढली आणि दोन दिवसांत तिला कळलं की पाद्रीबाईंनी नवी गाडी घेतली आहे, आणि शाळामास्तर रोज एका विधवेच्या दारातला बर्फ काढून देतो, पण स्वतःच्या दारातला काढत नाही. हिवाळा किती उपयोगाचा असतो, हे इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदाच समजलं.

मग आभाळ निवळलं, वारा पडला आणि थंडी उणे पस्तिसावर जाऊन बसली. बाप्तिस्मा रविवारी. शुक्रवारी सकाळी ओलाउग कॉफीचं आधण ठेवायला उठली, तर घर फार शांत होतं. सिंकमध्ये टपटप नव्हती. तिनं नळ पूर्ण उघडला. नळ म्हाताऱ्यासारखा खोकला आणि गप्प झाला.

प्लंबर म्हणाला, आठवड्यानंतर. सिसेलचा फोन तर बातमीच्याही आधी आला. "काही लागलं तर सांगा हं, आई. मी टेबलं मांडतेच आहे."

एम्ब्रेत आला तेव्हा त्याच्या एका हातात पाण्यानं भरलेला दुधाचा कॅन होता, खांद्यावर बारीक नळीचं वेटोळं आणि हातपंप.

"तुझंही गेलं वाटतं," ओलाउग म्हणाली. "म्हणून पाय वळले."

"माझं चालू आहे. नळ सोडून आलोय."

"अरे वा. सापडला का नळ? वापर नव्हता ना."

"पाणी तापव," एम्ब्रेत म्हणाला.

"तापवते. पण दोन मीटर खाली आहे ते. कुठं गोठलंय, हे शोधेपर्यंत पोरगा दाढी करायला लागेल."

एम्ब्रेतनं काही शोधलं नाही. तळघरात उतरला, भिंतीतून पाइप आत येतो तिथला सांधा सोडला, खाली बादली ठेवली आणि नळी आत सारली. जेमतेम हातभर गेली आणि अडली. तो मुळीच चकित झाला नाही. मान डोलावली आणि गरम पाणी पंपानं आत सोडू लागला.

ती जागा म्हणजे भिंतीच्या लगेच पलीकडे, थेट स्वयंपाकघराच्या खिडकीखाली.

"तुला कसं कळलं?" ओलाउगनं विचारलं.

"अंदाज."

"कॉफीत साखर किती घ्यायची, तेही तुला अंदाजानं कळत नाही."

पंप चालू राहिला. गार पाणी बादलीत परत येत होतं. ओलाउगनं दुसरी किटली आणली आणि ती तिथंच पायरीवर बसली. उठायची लक्षणं दिसेनात, तेव्हा एम्ब्रेत पाइपाकडे बघत म्हणाला, "खडक होता, वहिनी."

"कुठं?"

"खिडकीखाली. पहार वाकली. सुरुंग लावला असता तर भिंत गेली असती. ईवर म्हणाला, पुरे. इथं गुडघ्याएवढंच खोल आहे. वर माती लोटली."

"आणि मला दोन मीटर सांगितलं?"

"त्यानं नाही सांगितलं. तूच सगळ्यांना सांगून आली होतीस. म्हणून तो म्हणाला, आता तिला सांगू नको. हिवाळ्यात वर बर्फ टाकत जा, म्हणजे ऊब राहील."

ओलाउगला आजवर शब्द कमी पडले नव्हते. आता तिला फक्त जुने आठवत होते, दर हिवाळ्यातले, एकेक करून, आणि ते सगळे तिचेच होते.

"मी तोंडाचा पट्टा सोडायची तेव्हा तू काय तोंडात गारगोटी धरून उभा होतास?"

"तो म्हणाला होता, सांगू नको."

"त्याला जाऊन बारा वर्षं झाली."

"जाताना 'आता सांग' असं नाही म्हणाला."

तेवढ्यात पाइपात काहीतरी घरंगळलं. आधी गढूळ थुंकी आली, मग एक जोरदार उसळी, आणि एम्ब्रेत कोपरापर्यंत भिजला. त्यानं सांधा आवळला, गुडघे झटकले आणि पायरीशी थांबला.

"धार जरा जाड ठेव, वहिनी. तुझ्या धारेवर दोन घरं आहेत."

या वाक्यासाठी ओलाउगनं उत्तरं तयार ठेवली होती, एकाहून एक झोंबरी. ती सगळी तिनं तळघरातच ठेवली.

"ऐकलं," ती म्हणाली. "आता जा आणि माझा ढीग परत आण."

रविवारी पाण्याचा जग चर्चला गेला, ओलाउगच्याच हातात. पाणी डोक्यावर पडताच छोटा ईवर असा भोकाड पसरून रडला की जिभेच्या बाबतीत तो पणजीवर गेलाय, यावर सगळ्यांचं एकमत झालं. कॉफीला तीस माणसं आली. खिडकीपाशी अंधार होता, आधीपेक्षाही जास्त.

"आई, काढलेला ढीग परत इथं कुणी टाकला?" सिसेलनं विचारलं.

"मी टाकून घेतला. लोक डोकावून बघतात."

पलीकडच्या शेतावरचा ओस्मुन्द लेफ्सेच्या पोळीला लोणी लावत होता. त्याचा पाइप गेल्या आठवड्यात फुटला होता. "तुमचं बरं आहे, ओलाउग," तो उसासा टाकून म्हणाला. "किती खोल खणलं होतं हो ईवरनं?"

ओलाउगनं केक कापता कापता दिराकडे पाहिलं. त्याचं तोंड भरलेलं होतं.

"दोन मीटर," ती म्हणाली. "काय रे, एम्ब्रेत?"

एम्ब्रेतनं सावकाश घास गिळला.

"दोन तर आहेच," तो म्हणाला. "खिडकीपाशी जरा जास्तच."

ओलाउगनं त्याच्या ताटलीत न विचारता केकचा दुसरा तुकडा ठेवला. फार मोठा नाही. माणसाला सवय लागायला नको.