दह्याचा गणपती

शकूच्या डोक्यात त्या वैशाखात पार गोंधळ उडाला होता, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. आजारी माणसाला गरम द्यायचं, मऊ द्यायचं, दह्याला तर हातसुद्धा लावू द्यायचा नाही, हे तिला आईने शिकवलं होतं, पुढे सासूने शिकवलं आणि दोन पोरांच्या तापात, खोकल्यात, गोवरात तिने ते पाळलंही होतं. आता इस्पितळातली पांढऱ्या कोटातली पोरगी सांगत होती की गरम अजिबात नको, तिखट नको. दही घ्यायचं, त्यात गोड फळ कालवायचं, फ्रीजरमध्ये गोठवायचं आणि चघळायला द्यायचं. शकूने परत विचारलं, दहीच ना? पोरगी म्हणाली, दहीच हो मावशी. आता इतकं शिकलेली पोर खोटं कशाला सांगेल? पण मग आई आणि सासू खोटं सांगत होत्या का? कासूला, आपल्या गावी, गाडीतून उतरेपर्यंत शकूला याचा उलगडा झाला नाही.

आजारी होता तो विठू, तिचा नवरा. घशात गाठ निघाली होती. ती कापावी लागली नाही, पण मशीनखाली किरणांचे शेक घ्यावे लागले, आणि शेकांनी गाठ बसली तसं तोंडही आतून सोलून निघालं. एके काळी वालाच्या आमटीशी भाताचा डोंगर संपवणारा माणूस, त्याला आता पाण्याचा घोट गिळतानाही डोळ्यांत पाणी येई. मग त्याने गिळणंच सोडलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: सोमवारी दाखवायला याल तोवर तोंडाने काही पोटात जायला लागलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल. विठूने ते ऐकून घेतलं, घरी आला, खाटेवर भिंतीकडे तोंड करून आडवा झाला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "नळी नाय घालून घेनार मी. त्यापरीस गेलेला बरा."

विठू एकदा बोलला की फिरत नाही, हे शकूला लग्नापासून ठाऊक होतं. सोमवारच्या आत याने चार घास गिळले पाहिजेत, एवढं एकच तिला आता जगात दिसत होतं.

लेक अपेक्षा रोह्याला दिलेली. जावई कंपनीत शिफ्टला जातो आणि अपेक्षा घरी बसून सगळ्या जगाला सल्ले देते, पण मनाने चांगली. तिने फोनवर व्हिडिओ पाठवला. त्यात चकाचक स्वयंपाकघरातली एक बाई घरात कोणी आजारी नसल्यासारखी हसत हसत दही ताटात पसरत होती आणि वरून निळी-जांभळी फळं टाकत होती. शकूने चष्मा लावून तीन वेळा पाहिलं. तिला ती करवंदं वाटली. करवंदं चालतील का म्हणून तिने विचारलं, तर अपेक्षा म्हणाली, आई, आंबट काही नको, बियांचं नको, केळं घे. मग व्हिडिओत ती बाई करवंदं का टाकत होती, हे शकूने विचारलं नाही. आधीच डोक्यात काय कमी होतं?

तिने फ्रीजरमधली कोलंबीची पिशवी शेजारच्या गिरजाबाईंकडे नेऊन ठेवली, फ्रीज सोड्याने पुसून काढला, दह्यात केळं कुस्करून घातलं आणि स्टीलच्या डब्यात गोठवलं. सकाळी डबा उपडा केला तर आतून धोंडा निघाला. तो तिने पाट्यावर ठेवून वरवंट्याने फोडला. विठूने तिच्या शब्दावर विश्वास ठेवून एक तुकडा तोंडात घेतला. तुकड्याला फुटक्या कौलासारखी धार होती. तो ओरडला नाही, फक्त त्याने शकूचं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. दुसऱ्या दिवशी तिने चिकू घालून पाहिला. दही पातळ होतं, त्याचे बर्फाचे काटे झाले. या वेळी विठूने तोंडच उघडलं नाही. शकूला त्याचा राग आला, त्या कोटातल्या पोरीचा आला, व्हिडिओतल्या हसऱ्या बाईचा आला. मागल्या दारी भांडी घासता घासता ती ढसाढसा रडली आणि मग पदराने तोंड पुसून तिने परत रोह्याला फोन लावला.

अपेक्षाने या वेळी नीट चौकशी करून सांगितलं. दही फडक्यात बांधून टांगायचं, पाणी गळून चक्का झाला की त्यात आंब्याचा रस आणि साखर घालायची, म्हणजे गोठलं तरी लोण्यासारखं राहतं. आणि तुकडे करायचेच नाहीत. लहान लहान साच्यांत भरायचं. साचा असा पाहिजे की कुठे कोपरा नको, टोक नको, सगळं गोल.

साचा आणायचं काम साहजिकच अक्षयवर आलं. अक्षय हा धाकटा, पेणला रामवाडीच्या बाजूला एका गणपतीच्या कारखान्यात आखणीला. म्हणजे मूर्ती रंगवून झाली की तिचे डोळे काढायचे. हात सोन्यासारखा, पण स्वभाव असा की सांगितलेलं तेवढंच डोक्यात शिरणार. आईने लहान आणि गोल साचा आण म्हणून सांगितलं, त्याने आणला. गेल्या वर्षी शेठने चॉकलेटच्या मूर्तींची ऑर्डर घेतली होती, तिच्यातलं एक न फोडलेलं पाकीट पडून होतं. शेठ म्हणाला, घेऊन जा. मऊ रबराचा, खाण्याच्या वस्तूंसाठीच केलेला, कोरा साचा. अक्षयने तो बोटांनी चाचपून पाहिला. पोट गोल, कान गोल, सोंड गोल. टोचण्यासारखं कुठे काही नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो अशाच आकारांच्या रांगांमध्ये बसायचा. गिऱ्हाईक पाटावर घेऊन जाईपर्यंत कारखान्यात त्याला कोणी देव म्हणत नाही, माल म्हणतात. त्यामुळे यात काही अडचण होईल हे त्याच्या मनातही आलं नाही.

शकूलाही त्या वेळी काही दिसलं नाही. मागून पाहिलं तर सगळे खळगेच. तिने साचा धुतला, खळग्यांत चक्का आणि आंब्याचा रस भरला, वरून सुरीने सपाट केला आणि फ्रीजरमध्ये ठेवला. रविवारी सकाळी रबर मागे दुमडून तिने पहिला तुकडा काढला आणि तिच्या तळहातावर पिवळाधमक गणपती येऊन बसला.

अंगठ्याएवढा, पण सगळं जागच्या जागी. सोंड, मुकुट, पोटावर ठेवलेला हात. शकू तशीच उभी राहिली. नमस्कार करायचा तर हात मोकळा नाही आणि हात मोकळा करायचा तर याला ठेवायचं कुठे? तिने त्याला वाटीत ठेवलं. वाटी ओट्यावर ठेवायला बरं वाटेना म्हणून पाट घेतला, पाटावर वाटी ठेवली आणि तो पाट उचलून ती खाटेपाशी गेली. जाताना आपण नाश्ता नेतोय की देव नेतोय, हे तिला सांगता आलं नसतं.

पाटाचा आवाज ऐकून विठूने मान वळवली. वाटीत पाहिलं. मग हात टेकून, कोणाचा आधार न घेता, उठून बसला आणि त्याने हात जोडले.

शकूचा जीव भांड्यात पडला. तिने चमचा आणला, तशी विठूने तिचा हात बाजूला सारला.

"देव चघळू काय गो?"

ही गोष्ट तिच्या डोक्यात आलीच नव्हती असं नाही, फक्त तिने ती मागे ढकलली होती. तिने अक्षयला उठवलं. तो डोळे चोळत आला आणि बापाची समजूत घालू लागला. प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, डोळेसुद्धा आखलेले नाहीत, हे दही आहे. विठूने जोडलेले हात खाली घेतले नाहीत. शकूला पोराचं म्हणणं पटत होतं आणि नवऱ्याचंही. मघाशी आपणच त्याला पाटावर बसवलं, मग आता कोणत्या तोंडाने म्हणायचं की हे नुसतं दही आहे? रोह्याला फोन लावला. अपेक्षा आधी हसली, मग म्हणाली की चमच्याने सगळं एकत्र कालवून दे, म्हणजे आकार राहणार नाही. शकूने चमचा हातात घेतला. सोंडेपर्यंत नेला आणि तिचा हात पुढे गेला नाही. तिने तो अक्षयला दिला. जो पोरगा कारखान्यात तडा गेलेली मूर्ती बिनदिक्कत फोडून परत मातीत टाकायचा, त्याने चमचा बापाकडे पाहून खिडकीत ठेवून दिला.

आणि फ्रीजरमध्ये आणखी बसले होते, अंधारात, थंडीत, एका ओळीत. ते आठवून शकूला घाम फुटला.

पत्र्याखालची खोली, बाहेर ऊन चढत चाललेलं. बाप्पा काही थांबणार नव्हते. आधी सोंडेचं टोक ओलं झालं, मग कान पोटाकडे झुकले. तिघं मोठी माणसं एका वाटीभोवती उभी राहून पाहत होती आणि काय करावं ते एकालाही कळत नव्हतं. परत आत ठेवावा तर तेही बरोबर वाटेना. काही तरी केलं पाहिजे म्हणून शकूने अंगणातून जास्वंदीचं फूल आणून वाटीशेजारी ठेवलं, समई लावली, हात जोडले. मागायला तिच्याकडे एकच गोष्ट होती आणि ती याच वाटीत होती. बघता बघता मुकुट गेला, हात गेला, आणि वाटीत थंड पिवळं दही उरलं.

"आता कुठं सोडतेस याला?" विठूने विचारलं.

नदी लांब होती. तुळशीत घालावं तर मुंग्या येतील. शकूने काही ठरवलं नव्हतं, ती पुढे कित्येक वेळा हेच सांगायची. तिने देव्हाऱ्यातली पळी उचलली, वाटीत बुडवली आणि विठूसमोर धरली. विठूचा उजवा तळहात आपोआप पुढे आला, खोलगट झाला, खाली डावा आला. समोर आलेलं तीर्थ त्या हाताने जन्मात कधी परत पाठवलं नव्हतं. त्याने ते ओठांना लावलं. चेहरा पिळवटला, डोळे मिटले, पण तोंड बंदच राहिलं आणि घोट खाली गेला. ओला हात त्याने डोक्यावरून फिरवला.

शकूने दुसरी पळी दिली, मग तिसरी. आणि इथे ती परत अडली, कारण तीर्थ तीनदाच घेतात. वाटीत अजून बरंच होतं. तीन पळ्यांनी नळी टळेल का? चौथी दिली तर ते तीर्थ राहील का? ती पळी धरून तशीच थांबली. विठू भिंतीकडे पाहत होता, पण त्याचा तळहात आपण होऊन परत पुढे आला होता, जणू तो दुसऱ्याच कोणाचा होता. शकूने त्यात पळी ओतली. मग पुढची, मग त्याच्या पुढची. वाटी रिकामी होईपर्यंत दोघं एकमेकांकडे न बघता तेच करत राहिली.

ती धावतच आत गेली आणि दुसरा काढून घेऊन आली. परत पाट, परत वाटी. विठूने हात जोडले. आता वितळायची वाट बघायची, असं ठरल्यासारखं सगळे बसले. पण हा जास्त कडक गोठला होता. त्याच्यावर नुसतं दव धरत होतं, सोंड हलायचं नाव नाही. विठू टक लावून पाहत होता. त्याच्या ओठांच्या कडा ओल्या झाल्या होत्या आणि त्याने दोनदा आवंढा गिळला, तेही दुखत असताना. शकूने ते पाहिलं, पण पाहिलंय असं दाखवलं नाही.

"याला लय वेळ लागतोय गो," विठू म्हणाला.

विठूने दोन बोटांनी गणपती उचलला, एकदा या डोळ्याला लावला, एकदा त्या डोळ्याला लावला, आणि तोंडात ठेवला.

अक्षय पटकन बाहेर निघून गेला. शकूने सवयीने हात जोडले आणि मग तिला कळेना, आता नमस्कार करायचा कुणाला. वाटी रिकामी होती, पाट रिकामा होता. समोर तिचा नवरा डोळे मिटून बसला होता आणि त्याचा घसा सावकाश, मोठ्या कष्टाने, खाली-वर होत होता. तिने त्या घशाला नमस्कार केला.