मला आतून रंगवले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी भट्टी आहे. जुनी म्हणजे भंगारात टाकण्याजोगी नव्हे बरे! आजही मला पेटवा, पावाची अख्खी खेप एका दमात भाजून देते आणि वर कुरकुरही करत नाही.

एका लोहाराने जाड पत्रा ठोकून मला घडवले. खाली जाळाचा कप्पा, वर पावाचा. माझे मालक मोठे खमके बेकरीवाले. घड्याळाकडे ढुंकूनही न बघता, नुसत्या वासावरून ते पाव झाला की नाही हे सांगत. म्हणून अख्खी गल्ली त्यांना 'नाकवाले' म्हणे. मनात यायचे, भाजते मी आणि नाव यांचे! पण राग नव्हता. कामाची माणसे मला आवडतात.

वर्षे गेली. बाहेरून मला रोज पुसत, आत मात्र कोणी बघेना. पावाच्या कप्प्याला गंज चढला आणि एके दिवशी त्याची खपली पावाला चिकटून थेट गिऱ्हाइकाच्या घरी गेली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मालकांची सून रंगाच्या दुकानात गेली. दुकानदाराने दोन डबे दिले आणि नको असेल तो परत करायला सांगितले. चंदेरी रंग धुराड्यांसाठी होता. तो वाटेल तेवढा ताव सोसणारा. काळा जरा कमी सोसणारा, पण अन्न भाजायच्या भट्टीच्या आतल्या बाजूसाठीच बनवलेला.

"बाबा, काळाच लावू या."

"जास्त ताव सोसतो तो चांगला, साधं गणित आहे," नाकवाले म्हणाले. "धुराडं काय नि भट्टी काय, तापायचं दोघांनाही!"

त्यांनी मला आतून चंदेरी करून टाकले. रंग वाळल्यावर मला पेटवले आणि पाव ठेवले. मी तापताच असा उग्र दर्प सुटला, की माझी मलाच शिसारी आली. नाकवाल्यांनी मात्र पाव फोडला, हुंगला आणि मान डोलावली. "वा! झकास!"

सुनेने तोंड फिरवले. "बाबा, रॉकेलसारखा वास मारतोय! तुम्हाला येत नाही?"

नाकवाले पिठाच्या पोत्यावर मटकन बसले. "मला वास येणं कधीच बंद झालंय गं. पावाचा रंग बघून ठोकून देतो. तुला कळलं असतं, तर म्हणाली असतीस, बाबा, आता घरी बसा. भट्टीशिवाय मी करू काय?"

मला ठाऊक होते. हल्ली माझे दार उघडायला त्यांना उशीर होई आणि पावाच्या कडा करपत. पण झाकली मूठ सव्वा लाखाची! मी तरी सांगणार कोणाला?

सुनेने ते सगळे पाव टाकून दिले आणि ती नाकवाल्यांजवळ येऊन बसली. "घरी कशाला? पीठ फुगून तयार झालंय का, ते तुमच्याच हाताला कळतं. मला अजून जमत नाही. हात तुमचे, नाक माझं. चालेल?"

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

दोघांनी मिळून मला तारेच्या ब्रशने खरवडले. झोंबले, पण बरेही वाटले. पावाच्या कप्प्याला काळ्या रंगाचे पातळ हात दिले. जाळाच्या कप्प्याला रंग लावलाच नाही; तिथला ताव त्याला सोसला नसता. नीट वाळू दिले, आधी मंद आचेवर रिकामेच तापवले, मग थोडे अधिक. वास पुरता जाईपर्यंत आत पावाचा तुकडाही ठेवला नाही.

मित्रांनो, वस्तू बाहेरून चकचकीत ठेवता, तसे कधी आतही डोकावत जा. रंग निवडताना तो किती ताव सोसतो एवढेच विचारू नका, आत काय भाजायचे तेही बघा. आणि घरातल्या मोठ्या माणसांचीही आपणहून विचारपूस करा. ती स्वतः होऊन सांगत नाहीत.

नव्या रंगानंतरची पहिली खेप निघाली, तेव्हा दुकानात गर्दी होती. नाकवाल्यांनी माझे दार उघडून पाव बाहेर काढला. सवयीने सगळे त्यांच्या नाकाकडे बघू लागले. त्यांनी सर्वांदेखत पाव सुनेपुढे धरला.

"तू बघ गं," ते मोठ्याने म्हणाले. "मला वास येत नाही."