वाटणीत न धरलेली मुळी

"पाऊल पुढं टाकायचं नाही हं, जाऊबाई. आता हे आमचं आहे."

धाकटी कमरेवर हात ठेवून बांधावर उभी होती. थोरली खाली, झाडांच्या सावलीत शिरायच्या बेतात, हातात खुरपं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती इथं येत होती, आणि आज दिराच्या बायकोनं तिला चोराला हटकावं तसं हटकलं.

"अगं, काढ्याला मुळी न्यायला आलेय. ह्यांची छाती भरलीय. रात्र बसून काढली त्यांनी."

"मग डॉक्टरकडं न्या."

"नेलं नसेल का? त्याच्या गोळ्यांनी झोप येते, श्वास येत नाही."

"ते मला काय सांगता? वाटणीला सगळ्यांनी मान डोलावली ना? भावजींचा श्वास काही आमच्या वाट्याला आलेला नाही."

घ्या! असं तोंड म्हणजे तोंड.

आता ही वाटणी कशी झाली तेही ऐका. दोघं भाऊ, मध्ये गावातले चार शहाणे. विहिरीच्या पाळ्या वाटल्या, गोठा वाटला, हंडे-घागरी वाटल्या, मोडक्या कुदळीवरूनसुद्धा दुपारभर घासाघीस झाली. मोठ्यानं उघडं सपाट रान मागून घेतलं, पिकाचं. ओढ्याकडची झाडी धाकट्याला. "घे बाबा, तिथं काय पिकतंय!" असं म्हणून मोठा हसलासुद्धा होता. झाडांखालच्या गारव्यात उगवणारी ती मुळी, गुडघ्याएवढं रोप, मान खाली घातलेली जांभळी फुलं, तिची कुणाला आठवणच झाली नाही. ती कुणी पेरलेली नव्हती ना! आपोआप येतं ते कोण मोजतं? थोरली आत चुलीपाशी होती. तिला कुणी विचारलं नाही, आणि मेलं तिलाही सुचलं नाही. आता तिचा जीव त्यासाठी तळमळत होता.

"एवढी एकच दे गं. पाया पडते."

धाकटीनं जरा वेळ ते ऐकून घेतलं. तिला बरं वाटत असावं. मग ती खाली उतरली, एक कोवळं रोप मुळासकट ओढलं आणि थोरलीच्या पायाशी टाकलं.

"घ्या. न्या आणि लावा तुमच्या उन्हात."

कोवळ्या रोपाची मुळी काही कामाची नसते. त्याला मोठं व्हायला लागतं, फुलायला लागतं. पण थोरलीनं ते पदरात घेतलं आणि घर गाठलं.

तिच्या वाट्याला सावली म्हणाल तर एकच, घरामागच्या भिंतीची. आणि तिथं नवऱ्याची खाट.

"उठा. खाट हलवायची आहे."

"कुठं?"

"पुढं, पत्र्याखाली."

"अगं, पत्र्याखाली भाजून निघेन की मी!"

"तुम्हाला भाजलेलं चालेल. हिला चालणार नाही."

मोठा खाटेवरून उठला, भिंतीला धरून धापा टाकत उभा राहिला. "मी जगावं म्हणून हिला जगवतेस, आणि हिला जगवायला मला मारतेस. बाई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"पाणी आणा म्हटलं तर जमत नाही, बोलायला बरा श्वास पुरतो," थोरली म्हणाली आणि खड्डा करायला बसली. बोलली खरी, पण डोळे भरून आले होते. ते तिनं मातीकडं बघत पुसले.

तो उन्हाळा मोठ्यानं पत्र्याखाली काढला. अंगाला घामोळं, छातीत शिट्ट्या, आणि बायको पाण्याचा तांब्या घेऊन आधी भिंतीमागं जायची, मग त्याच्याकडं यायची. शेजारणी हसायच्या. "सवत आणलीस का गं घरात?" थोरली हसायची नाही. ओला पालापाचोळा आणून रोपाच्या बुडाशी घालायची, वर गोणपाट धरायची.

तिकडं धाकट्यानं झाडी तोडली. सगळी. उघडं रान भावाला दिलं म्हणून त्याच्या पोटात दुखत होतं, म्हणून त्यानं स्वतःचंही उघडं करून घेतलं. झाडं गेली, ऊन जमिनीला लागलं, आणि खालची रोपं आठवडाभरात करपून गेली. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. नांगर घालायला जागा झाली म्हणून धाकटी खूषच होती.

पाऊस आला, गेला. पुढच्या पावसात भिंतीमागचं रोप फुललं. आणि त्याच ओल्या हवेत धाकट्याची छाती धरली. दोघं एकाच बापाचे, दुखणंही एकच. बिचाऱ्याला ओट्यावरून गोठ्यापर्यंत जाता येईना.

फुलं गळली, मुळी भरली. दुसऱ्या दिवशी थोरली खणणार होती. खणायची रीत असते. वरचा कोंब जिथून फुटतो तो मुळीचा डोळा. तेवढा तुकडा कापून मातीतच ठेवायचा, बाकीची घ्यायची. डोळा राहिला की रोप पुन्हा येतं. त्याच्या आदल्या सकाळीच धाकटी दारात.

"जाऊबाई, ह्यांच्याकडं बघवत नाही हो."

"असं?"

"मुळी द्या. पाया पडते."

"नुसतं तोंडानं?"

धाकटी वाकली. खरोखर वाकली, दोन्ही हातांनी पाय धरले, कपाळ टेकलं. आणि खरं सांगायचं तर थोरलीला इतकं गोड कधी काही लागलं नव्हतं. तिनं पाय लवकर सोडवून घेतले नाहीत.

"झालं? ऊठ आता. मुळी एकाच माणसापुरती आहे. तुझ्या नवऱ्याचा श्वास काही माझ्या वाट्याला आलेला नाही."

पत्र्याखालून मोठा म्हणाला, "अगं, दे. भाऊ आहे माझा."

"तुम्ही गप्प पडा!"

धाकटी तोंडाला पदर लावून गेली. थोरली घागर घेऊन विहिरीवर गेली. पाळीसाठी थांबून बऱ्याच वेळानं परत आली तर भिंतीमागं खड्डा. मोठा खड्ड्याच्या कडेला बसलेला, हात मातीनं भरलेले, आणि चेहऱ्यावर समाधान.

"नेऊन दिली मी. रडत होती गं ती. आणि येईलच की पुन्हा."

"डोळा ठेवलात?"

"कसला डोळा?"

थोरली धावत सुटली. धाकटीच्या चुलीवर पातेलं उकळत होतं.

"अगं, डोळा दे! कोंबाकडचा तुकडा!"

"सगळीच कुटून टाकली."

"मग अर्धा काढा तरी दे."

"अर्ध्यानं माणूस अर्धाच बरा होतो." धाकटीनं पातेल्यावर झाकण ठेवलं. "पाय धरायला लावलेत ना? धरले. आता तुमचं माझं काही राहिलं नाही."

थोरलीनं ओढ्याकडं जाऊन पाहिलं, पलीकडच्या टेकडीवर जाऊन पाहिलं. जिथं जिथं झाड होतं तिथं वाकून पाहिलं. काही मिळालं नाही.

धाकटा आठ-दहा दिवसांत हिंडू-फिरू लागला. मोठ्याला मात्र आता पाठ टेकवता येत नव्हती. तो गुडघ्यात मान घालून बसायचा आणि थोरली पाठ चोळायची.

"येईल ना गं पुन्हा?" त्यानं एका सकाळी विचारलं.

तिला खोटं बोलता आलं असतं. "नाही येणार," ती म्हणाली. "डोळ्यासकट दिलीत. आता मातीत ठेवायला काही उरलं नाही."

त्यानं मान पुन्हा गुडघ्यात घातली. मग भिंतीपलीकडून धाकट्याचा आवाज आला, बैलावर खेकसत होता, एका दमात चार शिव्या. मोठ्यानं मान वर केली.

"ऐकलंस? कसा खणखणीत झालाय. माझ्यामुळं."

तो हसायला गेला आणि त्याला खोकला आला. असा आला की थांबेचना. थोरलीनं त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

पलीकडं बैलाच्या घुंगरांचा आवाज थांबला.

"अगं ए," धाकटा बायकोवर ओरडला, "दादाला जाऊन सांग, जरा तोंडावर फडकं धरून खोक म्हणावं. सकाळच्या पारी माणसाला कामाचं सुधरू देत नाही!"