अळणी

बांगलादेशची लढाई करून पेन्शनीत आलेला नाथाजी, बायको राहीबाई तापानं पडली म्हणून पहिल्यांदाच चुलीपुढं बसला.

"कोंबडीला हळद लावा, झाकणावर पाणी ठेवा," ती अंथरुणातून म्हणाली. "आटलं तर त्येच ऊन पाणी आत वता, गार वतल्यावर वातड हुतीया. आन् मसाल्याआदी मला वाटीभर अळणी काढा."

मसाला पडण्याआधीच्या रश्श्याला अळणी म्हणत असले तरी त्यात मीठ असतंच, हे त्याला कुठलं ठाऊक! त्यानं मीठ घातलंच नाही.

राहीबाईनं वाटी गुमान संपवली. मागनं त्यानं घोट घेतला आणि भडकला, "अगं, मीठच न्हाई! बोलली का न्हाईस?"

"आवं, इतकी वर्सं मीठ बरुबर पडत हुतं, तवा तुमी कवा बोललासा?"