वासंतीताईंचा रोजचा बदाम

“आई, त्या बदामावर बोट टेकव आणि लगेच उचल. झालं!” मधुवंतीने आईला दिलेला हा धडा मला अजून आठवतो. कारण ते बोट माझ्यावरच टेकायचे होते.

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. तळवड्याच्या कंपनीत नोकरी लागल्यावर मधुवंतीने मला हौसेने घेतले. “काय फोटो येतात गं!” म्हणून तिच्या मैत्रिणी माझे कौतुक करायच्या. मग एकदा मी जिन्यात पडलो, काचेला तडा गेला आणि माझी रवानगी कपाटातल्या वायरींच्या डब्यात झाली. वर्षभराने तिच्या आईने, वासंतीताईंनी, मला बाहेर काढून मऊ फडक्याने पुसले. तेव्हापासून कासारवाडीच्या त्या घरात मी रोज सकाळी भजने ऐकवतो.

एकदा भजन संपले आणि आपोआप एक व्हिडिओ लागला. जपानची मिओ नावाची मुलगी पायांना लांब फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून सुसाट आली आणि पाखरासारखी हवेत झेपावली. पण लाखो लोकांना तिचे वेड होते ते वेगळ्याच गोष्टीसाठी. उडी झाली की ती मागे वळायची आणि त्या उतारापुढे कमरेत वाकायची.

“अहो, बघितलंत? पोरीला जाण आहे,” ताई यजमानांना, मधुसूदनरावांना म्हणाल्या.

पुढे मिओ पडली. गुडघा दुखावला, नवे व्हिडिओ थांबले. ताईंनी देवापुढे शब्द दिला, की पोर पुन्हा उडेपर्यंत तुळशीला पाणी घातल्यावर तिच्या शेवटच्या व्हिडिओला रोज आवडल्याचा एक बदाम द्यायचा.

“नेम जपानचा, बदाम मोबाइलला! आमच्या शिऱ्यात मात्र एक दिसत नाही,” मधुसूदनराव चिडवायचे.

ताई डोळे मिटून बोट टेकवायच्या. बदाम एक दिवस लाल व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच बोटाने पुसला जायचा. मला कळत होते, पण सांगणार कसा?

चाळिसाव्या दिवशी ते मधुवंतीने पाहिले. “आई! अगं, आज देतेस आणि उद्या काढून घेतेस की!”

ताईंचा चेहरा उतरला. “म्हणजे वीस दिवस माझा नेम घडलाच नाही?”

“तिला लाखो बदाम मिळतात. तुझ्या एकानं काय होतंय?”

“लाखांचं ते लाखजण बघतील. मी माझ्या एकाचा शब्द दिलाय.”

“बरं बाई, जुने व्हिडिओ ढिगानं आहेत. आत्ताच वीस दाबून टाक.”

“वीस सोमवार एका सोमवारी होतात का गं?”

त्याच संध्याकाळी मिओचा नवा व्हिडिओ आला. ती उडाली, उतरली, वळून वाकली. “आई, सुटलीस तू!” मधुवंती ओरडली. ताईंनी डोळे पुसले, देवापुढे साखर ठेवली, पण ‘सुटले’ असे काही म्हणाल्या नाहीत.

मित्रांनो, माझी बॅटरी आता दुपारपर्यंतच टिकते, तरी मी समाधानी आहे. तुमच्या कपाटात माझा एखादा भाऊबंद पडला असेल, तर त्याला पुसून एकदा चार्जिंगला लावून बघा. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

दुसऱ्या दिवशी ताईंनी तुळशीला पाणी घातले, पदराला हात पुसले आणि आठवणीने चष्मा लावला. मिओचा एक जुना व्हिडिओ उघडला. बदाम लाल झालेला नीट पाहिला.

“एक,” त्या पुटपुटल्या आणि मला जपून फळीवर ठेवून चहा टाकायला गेल्या.