लाल झारी

झारीच ती. लाल काचेमागे एवढीशी झारी, तोटीला एक थेंब लागलेला, पडतही नाही आणि सुकतही नाही... धुरपता ड्रायव्हरच्या सीटवर मांडी घालून बसली होती आणि नऊ दिवस पाहत आली तशी आजही त्या थेंबाकडे पाहत होती. शाळा तिची दुसरीतच सुटलेली, स्टिअरिंगमागची इंग्रजी अक्षरं तिच्या बापालाही कळली नसती. पण एवढं बिसरामनं – तिच्या नवऱ्यानं, तो होता तेव्हा – तिला शिकवून ठेवलं होतं की चावी फिरवली की झारी पेटते, इंजिन लागलं की विझते. नाही विझली तर तेलाला जोर नाही समजायचं, अन् ट्रक पाऊलभरही पुढं न्यायचा नाही. आता इंजिन चालू होतं. झारी पेटलेलीच.

"बंद कर न माय," हेमेंद्र खालून ओरडला. "आहे तेवढं इंजिनबी बसन."

तिनं चावी फिरवली, काढली, कमरेला खोचली. ट्रक चालवायचा पोरगा, पण चावी हिच्या कमरेला, बिसराम गेल्यापासून हाच कायदा. नवेगाव बांधकडचा नवा धान गिरणीत पोचवायचे हे दिवस, मुर्री गावातल्या सगळ्या गाड्या धावत होत्या, आणि हिचाच ट्रक अंगणात, बाळंतिणीसारखा. का? – कारण पोराला तो विकायचा होता. जुना झाला म्हणे, पिकअप घेऊ म्हणे. दोन हप्त्यांमागे आमगावचा एक गिऱ्हाईकही आणला होता त्यानं. पांढरा सदरा, ट्रकभोवती फिरला, केबिनमध्ये चढून इंजिनाच्या झाकणावर थाप मारली – बाजारात दुसऱ्याच्या म्हशीच्या पुठ्ठ्यावर मारतात तशी. मी पाहिलं, मी काही आंधळी नाही. अन् बरोबर त्याच्यानंतरच झारी पेटायची होती!

तेल भरायच्या झाकणावर तिनं कुंकवाची बारीक रेघ ओढून ठेवली होती. तेलात काही मिसळायला कोणी झाकण फिरवलं तर रेघ मोडेल. नऊ सकाळी तिनं पाहिलं, रेघ जशीच्या तशी... पण त्यानं काय सिद्ध होतं? शहाणा चोर रेघ पाहूनच हात लावतो. बीएस्सी शिकवला आपणच.

उदाराम मिस्त्री दहाच्या सुमारास गोंदियाहून मोपेडवर आला. बिसरामच्या वेळचा माणूस, पण फोन त्याला हेमेंद्रनं केलेला, म्हणजे जे बोलायचं ते दोघांचं आधीच बोलून झालं असणार.

"काऊन जी, इंजिन खोलाचं ठरवूनच आले का?" तिनं वरूनच विचारलं.

"वहिनी, पहिले काडी तं पाहू द्या."

त्यानं तेल मोजायची काडी ओढली, पुसली, पुन्हा घालून ओढली, तेल बोटांत चोळलं, हुंगलं. "तेल भरून हाय. डिझेलबी नाई मिसळलं."

"मंग झारी काऊन जळून राहिली?"

"तेच तं पाहून राहिलो. तुमी पोलिसात पायजे होत्या वहिनी, आतापर्यंत झारीनं कबुली देल्ली असती."

हेमेंद्र हसला. ते हसू तिनं टिपून ठेवलं.

उदारामनं इंजिनाच्या कुशीतल्या, झारी पेटवणाऱ्या तेलाच्या बटणावरून वायर उपसली. "चावी लावा. आता विझली का?"

"नाई."

"वायर काढली तरी जळते? मंग इंजिनाचा गुन्हाच नाई. वायर कुठंतरी लोखंडाले लागली."

तो केबिनमध्ये चढला, इंजिनावरचं मधलं झाकण उचललं, आणि वायरीवरून बोट फिरवत फिरवत हात आत घालत गेला... बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात काळं ठिक्कर, वाळलेलं लिंबू होतं, जळक्या मिरच्या, एक भिलावा – नजर लागू नये म्हणून बांधतात तो बिब्बा – सगळं लोखंडी तारेत ओवलेलं. तारेचं टोक त्या वायरीलाच पिळून बांधलेलं. ट्रकच्या हादऱ्यांनी त्या तारेनं वायरीची साल कापली होती आणि आतलं तांबं लोखंडाला लागलं होतं.

"हे कोणं बांधलं बे?"

गिऱ्हाईक येऊन गेल्यावरची ती भर दुपार, शनिवार. घर जेवून आडवं झालं होतं. समोर टांगलेलं लिंबू त्या गिऱ्हाइकाच्या नजरेला पुरणार नाही, जिथं थाप पडली तिथंच बांधायला पाहिजे, आणि दोरा तर जळेल, म्हणून तार... हाताला लागलं त्याला तिनं करकचून पीळ दिला होता. आठवलं तशी धुरपता – सरपंचापुढंही न अडलेली – पदराच्या टोकानं झारीची काच पुसू लागली.

"मीनं बांधलं, काका," हेमेंद्र म्हणाला.

"वा रे बीएस्सी!" उदाराम खदखदला. "मोबाइलवर इंजिनची बिमारी शोधते अन् हातानं भिलावा बांधते!"

हेमेंद्रही हसला, मान खाली घालून. उदारामनं वायरीला टेप गुंडाळली. खात्रीसाठी बटणाच्या जागी मीटर जोडून इंजिन लावलं, काटा सरसर चढला आणि उभा राहिला. "जोर हाय वहिनी. म्हातारीत दम हाय अजून."

"कोनत्या म्हातारीत जी?"

इंजिन बंद करून त्यानं बटण, वायर जागेवर बसवली, पुन्हा चावी फिरवायला लावली आणि हसत हसतच गेला. इंजिन चालू होतं, काच काळी होती, झारी विझलेली, आणि धुरपता हलली नाही. पोरासाठी नऊ दिवस घासून ठेवलेले शब्द तिच्या तोंडात होते, त्यातला एकही आता लागू पडत नव्हता. त्यानं तिला बांधताना पाहिलं होतं तर. उठला होता का तो त्या दुपारी, की झोपलाच नव्हता? अन् पाहिलं होतं तर त्याला हेही कळलं असणार, की झारी कशानं पेटली... मग नऊ दिवस गप्प का? ट्रक मोडका दिसावा म्हणून? की आईची फजिती होऊ नये म्हणून? – कीव! माझी कीव करतो हा?

"माय, एक चक्कर मारून पाहू का?" तो खाली उभा होता. "उतर न."

मीनं बांधलं. किती सहज म्हणाला. असंच, अगदी असंच, आठ वर्षांचा असताना म्हणाला होता – मीनं सांडलं, माय – आणि फडताळाखाली तुपाचा गडवा आडवा पडलेला, आणि तिनं पळसाच्या फोकानं त्याची पाठ सोलली होती, आणि एका दिवसात पोरगं सरळ केलं म्हणून गावभर सांगत फिरली होती, अजूनही सांगते. धानाच्या रोवण्याचे दिवस होते ते. चुलीचा धूर, हातात भाकरीचं फडकं, बाया बाहेर हाका मारून राहिलेल्या, आणि फडताळापाशी वळताना तिच्या कोपराला काहीतरी गार, गोल... लागलं होतं? की आत्ताच लागतं आहे?

"माय?"

तिनं डाव्या कोपरावर उजवा तळवा ठेवला आणि तिथलं कातडं चाचपत राहिली.