अर्विदचं धुराडं

धुराड्यातून वर जाणारा धूर हा घरात माणूस जिवंत असल्याचा सर्वांत भक्कम पुरावा असतो. केविनॉ या उत्तरेकडच्या खाणींच्या मुलखात शेंबड्या पोरापासून पाद्र्यापर्यंत सगळे हे मानतात. लेम्पी निएमेलाही मानायची. तिची तक्रार एवढीच होती, की शेजारचा अर्विद रांताला हा पुरावा गरजेपेक्षा फार जास्त देतो.

आज तो काहीच देत नव्हता.

कॉफीचं भांडं शेगडीवरून उचलून ती खिडकीपाशी आली होती. ते भांडं तिनं तसंच हातात धरून ठेवलं. बाहेर पारा शून्याच्या बराच खाली होता. रात्रभर पडलेल्या बर्फानं मधलं शेत सपाट करून टाकलं होतं. पलीकडे अर्विदचं घर, घरावर विटांचं धुराडं, धुराड्यावर आकाश. मध्ये काही नाही.

तिनं आधी डोळ्यावर संशय घेतला. मार्क्वेट शहरात मुलीकडे राहून तिनं उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून घेतला होता, आणि काल संध्याकाळीच ती परतली होती. डावा डोळा मिटून तिनं नुसत्या उजव्यानं पाहिलं. अर्विदच्या गोठ्यावरचा गंजलेला पत्रा दिसला, स्प्रूसच्या फांदीवरचा डोमकावळा दिसला, धुराड्याच्या विटांमधला चुनासुद्धा दिसला. डॉक्टरनं काम चोख केलं होतं. धूर तेवढा नव्हता.

असं कधी झालं नव्हतं. अर्विद पॉप्लरची ओली लाकडं जाळायचा, आणि झोपताना शेगडीची हवा पार कोंडून टाकायचा, म्हणजे लाकूड सकाळपर्यंत पुरावं. लाकूड पुरायचं. कारण ते जळतच नसे. नुसतं धुमसायचं, आणि तो पिवळा, आंबूस धूर शेतावरून सरपटत लेम्पीच्या स्वयंपाकघरात यायचा. तिचा नवरा उर्हो तांब्याच्या खाणीत होता. खाणीनं शिल्लक ठेवलेली छाती त्यानं शेवटचे दोन हिवाळे याच खिडकीशी बसून खोकण्यात संपवली.

तो गेला त्या वर्षी लेम्पीनं गावसभेत उभं राहून, चारचौघांत, अर्विदला शेगडी पेटवायला शिकवलं होतं. लाकूड फोडून दोन उन्हाळे वाळवावं. मोठे तुकडे खाली, बारीक ढलप्या वर रचाव्यात आणि काडी वरून लावावी. म्हणजे खालून निघालेला धूर ज्वाळेतूनच जातो आणि तिथंच जळून जातो. हवा कोंडू नये. धूर म्हणजे न जळलेलं लाकूड, आणि तो आकाशाला वाटत सुटण्याइतकी श्रीमंती या गावात कुणाचीच नाही. इथवर सभेनं माना डोलावल्या होत्या. पण लेम्पी तिथं थांबली नाही.

“ज्या दिवशी या माणसाचं धुराडं थंड होईल ना,” ती म्हणाली, “त्या दिवशी मी गावभर निसू वाटीन.”

निसू म्हणजे वेलदोड्याचा गोड पाव. तो सणासुदीला करतात. सभा हसली. अर्विदनं कानटोपी घातली आणि तो निघून गेला. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून दोघांमध्ये एक शब्द झाला नव्हता.

आणि आज, घरी परतल्याच्या आनंदात तिनं भल्या पहाटे मळलेलं निसूचं पीठ ओट्यावर फडक्याखाली फुगत होतं. लेम्पीनं फडकं उचलून पाहिलं. पुन्हा झाकलं. मग फोनकडे गेली.

अर्विदचा नंबर तिला पाठ होता, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. घंटा वाजत राहिली. वाजून वाजून थांबली. तिनं पुन्हा लावला. पुन्हा तेच.

मग तिनं डेनिसला लावला. गावाच्या रस्त्यांवरचं बर्फ ढकलणारी गाडी डेनिस चालवायचा.

“डेनिस, आहेस कुठे तू?”

“तळ्याकाठच्या रस्त्याला, काकू. डोळा काय म्हणतोय?”

“डोळा मरू दे. अर्विदचा धूर नाही.”

डेनिसनं इंजिन बंद केलं.

“म्हणजे नवस फळला म्हणा की तुमचा.”

“डेनिस!”

“थट्टा केली हो, काकू. फोन केलात?”

“दोनदा. उचलत नाही.”

“मला इथून सुटायला दुपार होईल. तुम्ही जाऊ नका हं. कमरेएवढं बर्फ पडलंय, आणि डोळ्याचं नुकतंच झालंय तुमच्या. हे बघा, तो गेलाच असेल तर आता घाई काय? आणि गेला नसेल, तर तुम्हाला दारात बघून जाईल.”

लेम्पीनं फोन ठेवला. डेनिस मनाचा वाईट नव्हता. गेल्या हिवाळ्यात ती तापानं तीन दिवस अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तोच अचानक काडेपेटी मागायला आला आणि तिची अवस्था बघून सूप करून देऊन गेला. जीभ तेवढी सैल होती.

वाकू नका आणि जड उचलू नका, असं डोळ्याच्या डॉक्टरनं दोनदा बजावलं होतं. लेम्पीनं वाकून बर्फावर चालायचे रुंद जोडे बांधले आणि फावडं उचललं. डोळ्यावर दवाखान्यातला काळा चष्मा चढवला. दारात राखेची बादली रिकामी व्हायची वाट बघत होती. तिला ओलांडून ती बाहेर पडली.

शेत एरवी पाच मिनिटांचं होतं. आज ते संपेना. गावातला रेइनो माकी असाच गेला होता. त्याचं धुराडं आठवडाभर बंद होतं, पण रेइनो पहिल्यापासून चिकट. सगळ्यांना वाटलं, लाकूड वाचवतोय. सापडला तेव्हा त्याच्या हातातला कप सोडवता आला नाही. त्याच्या अंत्यविधीच्या प्रार्थनेला लेम्पी गेली होती. शेवटी कोण काय बोललं होतं त्याच्याशी, हेच सगळे एकमेकांना विचारत होते. कुणाशी तो हवामानाबद्दल बोलला होता, कुणाकडून करवत नेली होती. अर्विदच्या वेळी लोक तिला विचारतील. विचारतील कशाला? सगळे तिथं हजरच होते. हसलेसुद्धा होते.

अर्ध्या वाटेवर ती थांबली आणि तिनं हाक मारली.

“अर्विद!”

अकरा वर्षांनी तोंडातून निघालेलं नाव खेकसल्यासारखं आलं. तिनं घसा साफ केला, पुन्हा मऊ आवाजात हाक मारून पाहिली. ती तिची तिलाच ऐकू आली नाही. डोमकावळा मात्र उडून गेला.

घराभोवती पाऊल उमटलेलं नव्हतं. तिच्या बाजूच्या खिडकीला आतून घोंगडी लावलेली होती. ती सभेच्या दुसऱ्याच दिवसापासून होती. लेम्पीनं मान वर केली. सगळं छप्पर बर्फाखाली, पण धुराड्याचं तोंड कोरडं होतं, आणि त्याच्यावरची हवा उगीच थरथरत होती. डोळा पाणावला असेल, असं वाटून तिनं चष्म्याखालून बोट फिरवलं. धुराचा वास नव्हता. काजळीचासुद्धा नव्हता. ज्या बाईनं साऱ्या गावाला स्वच्छ जाळ शिकवला, तिला याचा अर्थ कळायला हवा होता. पण गाढव गायला लागलं तरी आपण आधी रेडिओच शोधतो.

तिनं दार ठोठावलं. काही नाही. जोरात ठोठावलं.

आत काहीतरी धाडकन पडलं. मग सामसूम.

“अर्विद! अरे ए!”

दाराशी बर्फाचा ढीग साचला होता. लेम्पी फावड्यानं तो उपसत सुटली. डोळ्यामागे ठणका लागला, तरी ती थांबली नाही. दाराची मूठ मोकळी झाली तशी ती फिरवून तिनं खांदा लावला, आणि ते एकदम उघडून ती आत जवळजवळ पडलीच.

गरम हवेचा लोट तोंडावर आला. चष्म्यावर वाफ धरली आणि सगळं पांढरं झालं.

“अर्विद?” ती त्या पांढऱ्याला म्हणाली.

“दार लाव,” पांढऱ्यातून आवाज आला. “ऊब बाहेर चाललीय सगळी.”

तिनं दार लावलं. चष्मा काढून बाहीला पुसला. उलट्या पडलेल्या खुर्चीशेजारी अर्विद गंजीफ्रॉकवर उभा होता. त्याचा एक पाय विजारीत होता, दुसरा अजून बाहेर. अशा थंडीत मागची खिडकी सताड उघडी होती, आणि त्याच्या कपाळावर घाम होता.

“मेला नाहीस तू,” लेम्पी म्हणाली.

“नाही बुवा. का, काही काम होतं?”

“फोन का उचलला नाहीस?”

“तुझा नंबर होता.”

“आणि दार?”

“विजार शोधत होतो. नुसत्या चड्डीवर सापडलो असतो, तर पुन्हा सभा बोलावली असतीस.”

लेम्पीला खुर्ची सरळ करून बसावं लागलं. तेव्हा कुठे तिचं कोपऱ्यात लक्ष गेलं. जुनी, पोट सुटलेली शेगडी तिथं नव्हती. तिच्या जागी काळी, आटोपशीर नवी शेगडी होती, काचेच्या दाराची. काच स्वच्छ होती. आत ज्वाळा लाकडाला चिकटून नव्हत्या. वरच्या वर सावकाश तरंगत होत्या, धुराची रेघसुद्धा नव्हती.

“ही कधी?”

“तू डोळ्यासाठी गेली होतीस तेव्हा. पुतण्यानं बसवून दिली. नाताळात जुनीचं बूड गळालं, नाइलाज झाला.” अर्विदनं दुसरा पाय विजारीत घातला. “उगाच भलतं समजू नकोस.”

“मी कशाला काय समजू?”

“तेच म्हणतो मी.”

लेम्पी उठली. काहीतरी चुकलेलं असणारच, या खात्रीनं तिनं शेगडीला फेरी घातली.

“वरून पेटवलीस?”

“वरून.”

“लाकूड कसलं?”

“मेपल.”

भिंतीशी रचलेल्या चळतीतले दोन तुकडे उचलून तिनं एकमेकांवर आपटले. टण्ण आवाज आला. तुकड्याच्या टोकाला मध्यापासून कडेपर्यंत चिरा गेल्या होत्या. तिनं त्यांवरून अंगठा फिरवला.

“दोन उन्हाळे खाल्लेत यानं.”

अर्विद विजारीचं बटण लावत होता. ते काही केल्या लागत नव्हतं.

“बूड कधी गळालं म्हणालास?”

“कॉफी घेणार का?” अर्विद म्हणाला.

तिनं तुकडे होते तसे परत ठेवले. मग वाकून शेगडीखालची हवेची कळ किंचित आत सारली.

“एवढ्याशा घराला एवढा जाळ नको. लहान पेटव. खिडकी उघडी टाकून काय तळं तापवतोयस?”

“शेगडीबरोबरच्या पुस्तकात लिहिलंय, हवा कोंडू नका म्हणून.”

“कोंडू नका म्हणजे मोकाट सोडा असं नव्हे.”

अर्विदनं खिडकी लावली. दोन कप भरले, एक तिच्यासमोर ठेवला. तिच्या हातांकडे पाहिलं, मग फावड्याकडे.

“निसू आणला नाहीस?”

“काय?”

“धुराडं थंड झालं की गावभर वाटणार होतीस. मीही गावातच राहतो.”

लेम्पीच्या मानेपासून कानापर्यंत सगळं तापलं. ते नव्या शेगडीमुळे म्हणता आलं असतं.

“पीठ फुगतंय,” ती म्हणाली.

अर्विदनं मान हलवली, जणू दुसरं उत्तर त्यानं धरलंच नव्हतं. दोघंही काचेतल्या ज्वाळांकडे बघत कॉफी पीत राहिले. कप अर्धा झाल्यावर लेम्पीनं चमचा छपराकडे केला.

“आणि आता मला कळणार कसं?”

“काय?”

“सकाळचं.”

त्यानं छपराकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“मला कसं कळतं? तुझं धुराडं तर कायमचंच मुकं.”

लेम्पीनं कप खाली ठेवला. हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

“राखेची बादली,” अर्विद म्हणाला. “खांबावर आपटतेस ना रोज. अख्खं शेत जागं होतं. गेल्या हिवाळ्यात तीन दिवस वाजली नाही, तेव्हा डेनिसला म्हटलं, जा बाबा, काहीतरी निमित्त काढ आणि बघून ये.”

“डेनिसला तू पाठवलंस?”

“साखर माग म्हणून सांगितलं होतं.”

“त्यानं काडेपेटी मागितली.”

“गाढव आहे.”

“तोंडात पेटती सिगारेट होती त्याच्या.”

“मी साखर सांगितली होती,” अर्विद पुन्हा म्हणाला.

दुपारी डेनिस आला, तेव्हा लेम्पीनं निसूचा एक गरम पाव कागदात गुंडाळून त्याच्या हातून पलीकडे पाठवला. गावभर वाटायचं बोलून बसली होती. गाव तेवढ्यातच आटोपलं. मग तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीचे पडदे उतरवले. ते मुळात पांढरे होते, हे ती विसरून गेली होती. तीन पाण्यांनी धुऊन, शेगडीसमोर वाळवून, तिनं ते संध्याकाळी पुन्हा लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी राखेची बादली घेऊन ती दारात आली. राख ओतली, बादली खांबावर आपटली. पलीकडे पाहिलं. मग आणखी एकदा आपटली. आत येऊन तिनं खिडकी फटीएवढी उघडली आणि कॉफी ठेवली.

जरा वेळानं अर्विदच्या धुराड्यातून धूर निघाला. जाड, पिवळा, अगदी जुन्या वळणाचा. तो मेपलचा नव्हता. कॉफी उकळेपर्यंत निघत राहिला आणि मग थांबला.

वारा अर्विदच्या बाजूनं होता. पडदे पुन्हा धुवावे लागले.